चोराचा शब्द

उसाला तुरा आला की रस्त्यानं जाणाऱ्याला तो देखणा वाटतो आणि मालकाला त्याच्याकडं बघवत नाही. बोरगावच्या शिवारात धरणेंद्र मगदूमाच्या उसावर कधीचे पांढरे तुरे डुलत होते. कांडं मोडून दाताखाली धरलं तर भिजलेला कापूस चघळल्यागत लागायचं. वरनं शोभा, आतनं पोकळ. ऊस रोज हलका होत होता आणि धरणेंद्र रोज सकाळी बांधावर उभा राहून त्याला हलका होताना बघत होता. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ऊस तोडायचा कारखान्याच्या टोळीनं, आणि टोळी यायची ती तिच्या मर्जीनं.

कुणाच्या फडात टोळी कधी घुसणार हे कारखान्याच्या वतीनं सांगायला सन्मती यायचा. त्याला सगळे चिटबॉय म्हणायचे. त्याचे केस पिकले होते, नातू शाळेत जात होता, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पण कारखान्याच्या लेखी तो बॉयच होता. मोटरसायकल बंद न करता तो बोलायचा.

"आण्णा, तुमचा नंबर आलाय. आता मुकादमाचा फोन यील."

"कवा?"

"ते मुकादमाला ठावं. फोन उचलायचं तेवढं बघा. दोनदा वाजून उचलला न्हाय की कोयता म्होरच्याच्या फडात."

त्या दिवसापासनं धरणेंद्रनं फोन अंगावेगळा केला नाही. आंघोळीला गेला की तो न्हाणीच्या कोनाड्यात, धार काढताना गव्हाणीच्या काठावर, आणि बस्तीत देवाच्या दर्शनाला गेला की रुमालात गुंडाळून पायरीवर. पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला ताकीद असायची, "वाजला तर हाळी मारा."

"माझ्याकडं येवढं ध्यान दिलं असतासा तर," कमला म्हणायची.

"तर काय?"

"काय न्हाय. दूध उतू चाललंय, तिकडं बघा."

अशात विहिरीच्या मोटरीचं बेअरिंग गेलं आणि धरणेंद्रला ते आणायला इचलकरंजीला जावं लागलं. येताना गाडीत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बोरगावात उतरल्यावर सवयीनं त्यानं छातीवर हात नेला. खिसा होता. खिशाचं बटण होतं, तेही लावलेलं. फोन तेवढा नव्हता. चोरानं फोन काढून घेऊन बटण परत लावलं होतं. असा टापटिपीचा माणूस धरणेंद्रच्या घराण्यातसुद्धा कुणी नव्हता.

घरी येऊन त्यानं कमलाच्या बटणाच्या फोनवरनं स्वतःलाच फोन लावला.

"हॅलो." आवाज मोकळा, खणखणीत, पोटभर जेवून उठल्यासारखा.

"कोण बोलतंय?"

"फोन तुम्ही केलाय. तुम्ही सांगा."

"अरं, त्यो फोन माझा हाय!"

"आसं व्हय. नमस्कार आण्णा. लई वाजतो वो तुमचा फोन. दुपारधरनं इसावा न्हाय जिवाला."

"गुमान आणून दे. न्हायतर पोलिसात जाईन."

"जावा की. पर मला सांगा, चार्जर कसला लागतो ह्याला? बारक्या पिनेचा का मोठ्या?"

"मोठ्या," धरणेंद्र म्हणाला. खरं बोलायची सवय त्याला लहानपणीच लागली होती आणि ती कुठं आवरायची हे कधी कुणी शिकवलं नव्हतं.

"बेस झालं. आणि त्यो परशराम मुकादम आलता फोनवर. टोळी कवा आणू म्हणत हुता."

धरणेंद्र जात्याजवळ खाली बसला. "तू काय सांगितलंस त्याला?"

"आता माझं काय जातंय आण्णा, तुम्हीच बघा..." आणि फोन कट झाला. नंतर किती वेळा लावला तरी नुसता वाजत राहिला.

सन्मतीला त्यानं रस्त्यावरच आडवा धरला. "मुकादमाला माझा दुसरा नंबर दे बाबा. हिचा."

"अनोळखी नंबर त्यो उचलत न्हाय. अख्खं शिवार तगादा लावतंय त्याला."

"मग कारखान्यात नंबर बदला."

"बदलूया की. बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी जातोय. तेवढा त्या चोराकडनं इचारून घ्या." सन्मतीनं हे चेष्टेनं म्हटलं नव्हतं. तो गियर टाकून निघून गेला.

तेव्हा आता एकच वाट होती. पोलिसात तक्रार द्यायची, तिच्या जोरावर त्याच नंबराचं सिम परत काढायचं, आणि चोराच्या हातातला फोन बंद पाडायचा. तो मुकादमाशी आणखी काही बोलायच्या आत.

बोरगाव कर्नाटकात, इचलकरंजी महाराष्ट्रात, हद्द मधे कुठंतरी. सकाळी धरणेंद्र अलीकडच्या, कर्नाटकातल्या ठाण्यात गेला. आण्णाप्पा हवालदार पंख्याखाली बसला होता. "कुंद्री, कुंद्री," त्यानं बाकडं दाखवलं. "कुठं गेला फोन?"

"गाडीत. इचलकरंजीहून येताना."

"हद्दीच्या अलीकडं का पलीकडं?"

"ते चोराला ठावं."

"आसं करून कसं चालंल? महाराष्ट्रात गेला असंल तर ते बघणार, कर्नाटकात गेला असंल तर आमी. सिम कुठलं?"

"तिकडलं. आमच्या मळ्यात तिकडचा टावर घावतो."

हवालदार पुढं सरकला. आता त्याला रस वाटू लागला होता. "मग हद्द वलांडली की वेलकमचा मेसेज येत आसंल की! आलता काय?"

धरणेंद्रनं डोळे मिटून आठवलं. "खिशात कायतरी हललं हुतं खरं."

"ते मेसेजनं हललं का चोरानं?"

धरणेंद्रनं रिकाम्या खिशावर हात ठेवून बघितला.

"मेसेजनं हललं असंल तर फोन कर्नाटकापत्तूर आला. आमची केस. चोरानं हललं असंल तर त्यांची. नीट आठवा. घाई न्हाय."

धरणेंद्रला घाई होती. पण काय हललं होतं हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं तो सांगत नव्हता. मग हवालदारानं त्याला पलीकडच्या ठाण्यात धाडलं.

पलीकडच्या ठाण्यात एक बाई हवालदार पेरू खात होत्या. त्यांनी आधार कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "तुम्ही कर्नाटकचे."

"व्हय."

"आणि चोर?"

"त्याचं आधार बघितलं न्हाय."

"बोलण्यावरनं कुठला वाटतोय?"

"आमच्यासारखंच बोलतोय."

"म्हणजे तोही कर्नाटकचा. झालं, तिकडंच द्या."

"आमच्यासारखं तुम्ही बी बोलताय की बाई."

बाईंनी पेरू खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी धरणेंद्रला दिवस कलेपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं आणि साहेब येणार नाहीत असं सांगितलं. तो घरी पोचेस्तोवर दिवस बुडाला होता. दिवस बुडाल्यावर मगदूमाच्या घरात कुणी तोंडात घास घालत नसे. कमलानं ताट झाकलं ते झाकलंच राहिलं. त्यानं वाटीभर पाणीही घेतलं नाही, आडवा झाला आणि छपराकडं बघत म्हणाला, "चोर जेवला असंल."

"चार्जिंग बी केलं असंल," कमला म्हणाली. "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी म्हशीला वैरण टाकून, बेअरिंग तसंच पिशवीत ठेवून दोघं अलीकडच्या ठाण्यात गेली. आण्णाप्पा हवालदारानं रात्रभर विचार केला असावा. तो खुशीत होता.

"आण्णा, चोरीला गेला म्हनूच नका. हरवला म्हना. हरवायला हद्द लागत न्हाय. आत्ता लिवून देतो."

"पर हरवला न्हाय वो. चोरलाय."

"तुमी बघितला काय चोरताना?"

"त्यो बोललाय की माझ्यासंगं! चार्जर इचारला!"

"हरवलेला फोन घावलेला माणूस बी चार्जर इचारतोच की."

"हवालदार, त्यानं बटण लावलंय खिशाचं. हरवणारा फोन बाहीर पडून आपलं आपुण बटण लावतोय व्हय?"

हवालदारानं पेनचं टोपण लावलं. "मग बसा आठवत, काय हललं ते."

कमला इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभी होती. ती म्हणाली, "अवो, हरवला म्हणा."

"खोटं कसं म्हणू?"

"तुमच्या खऱ्यापायी ऊस उभा हाय तुरं काढून. वजन बघा त्याचं. म्हणा हरवला."

धरणेंद्रनं मान खाली घातली आणि म्हणाला, "हरवला." आवाज इतका बारीक निघाला की हवालदारानं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

पोच मिळाली ती कानडीत. सिम पलीकडचं, म्हणून दुसरं सिमही पलीकडंच मिळणार होतं. दोघं परत इचलकरंजीच्या गाडीत बसली. धरणेंद्रनं सगळा प्रवास छातीवर हात धरून केला. खिशात नुसता कानडी कागद होता.

सिमच्या दुकानात काउंटरला रचना नावाची मुलगी होती. तिनं कागद उजेडाला धरला. "हे कानडीत आहे."

"शिक्का दिसतोय की गोल."

"शिक्का दिसतोय काका. पण काय हरवलंय ते कळत नाही. म्हैस हरवली असली तर मी सिम देऊ का?"

कमला सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकली होती. तिनं कागद घेतला, पदर सारखा केला आणि भर दुकानात पुस्तक वाचल्यासारखा आधी कानडीत, मग मराठीत वाचून दाखवला. लायनीतली माणसं गप्प होऊन ऐकत होती. "म्हशीचं काय न्हाय ह्यात," शेवटी ती म्हणाली.

"बरं, अंगठा ठेवा काका."

धरणेंद्रनं यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं नाही म्हटलं. दुसरा ठेवला. नाही. उसाच्या पाल्यानं, खुरप्याच्या मुठीनं आणि म्हशीच्या दाव्यानं अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसून नेल्या होत्या. रचना म्हणाली, जरा घासा. त्यानं विजारीवर घासला. मागचा एकजण म्हणाला, थुंकी लावा. दुसरा म्हणाला, डोक्याचं तेल लावा. धरणेंद्रच्या डोक्यावर तेल लावायजोगं काही नव्हतं, म्हणून कमलानं आपल्या केसांचं बोटावर घेऊन त्याच्या एकेका बोटाला चोळलं, पोराचं नाक पुसावं तसं, आणि एकेक बोट यंत्रावर दाबत गेली. सगळी लायन मोजत होती. अखेर डाव्या करंगळीला यंत्र टुणकन वाजलं.

"ओळख पटली," रचना म्हणाली.

"आमच्या लग्नाला तीस वर्सं झाली," कमला म्हणाली, "मला बी हे बोट ठावं न्हवतं."

सिम सुरू झालं ते कमलाच्या बटणाच्या फोनात. आता तो नंबर पुन्हा धरणेंद्रचा होता. राहिला चोराच्या हातातला फोन. तो बंद पाडायला फोनच्या पाठीवर असतो तो लांब आकडा लागणार होता, आणि तो होता फोनच्या डब्यावर. डब्यात कमला बस्तीत न्यायचे तांदूळ ठेवायची. तांदूळ ताटात ओतून तो डबा घेऊन धरणेंद्र गावातल्या ऑनलाइन सेंटरात सौम्याकडं गेला. तिनं आकडा घातला, पोच जोडली, ओटीपी आला तो बटणाच्या फोनवर वाजला, आणि धरणेंद्रला एकदम घरच्यागत वाटलं.

"झालं काका. आता त्या फोनात कुठलंबी सिम घाला, चालणार न्हाय. देशात कुठंबी."

"त्याला बोलता यायचं न्हाय?"

"चकार शब्द न्हाय."

त्या सांजेला दिवस बुडायच्या आत धरणेंद्र दोन भाकऱ्या जास्त जेवला.

सकाळी कमलाला हाताशी घेऊन तो मोटरीला बेअरिंग बसवत असताना बांधावर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतनं टोळी उतरली. बायका, गडी, झोळीतली पोरं, कोयते, घमेली, भांडी. पुढं परशराम मुकादम. धरणेंद्रचे डोळे भरून आले. ग्रीसचे हात जोडून तो धावत गेला. "या, या! देवासारखं आलासा!"

"आलो मालक. शब्द दिला की येतो आमी." परशराम बीडकडचा, उन्हानं काळवंडलेला, बोलायला संथ. त्याच्या मागं बायका बांधावर तीन दगड मांडून चूल लावत होत्या. "कोयता लावतो. तेवढं मटन कुठं शिजवायचं ते सांगा."

"काय?"

"मटन. फोनवर बोलले की तुमी. म्हनले, सगळी टोळी आना, आख्खं बकरं घालतो, रस्सा वरून. मी दोन फड सोडून आलो."

चुलीजवळची एक बाई म्हणाली, "वाटान करून आनलंय मालक. खोबरं जरा जास्तीच घातलंय."

धरणेंद्रनं शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. आम्ही जैन. आमच्या घरात अंडं येत नाही. हिनं तर बटाटासुद्धा सोडलाय. फोन माझा चोरीला गेला, तो जो बोलला तो चोर.

परशरामनं सगळं ऐकून घेतलं. "चोर हुता का तो? लई चांगला मानूस वाटला."

"पुरणाच्या पोळ्या घालतो," कमला म्हणाली. "तूप वाढतो. खीर करतो."

"आक्का, गोडाचं नाव काढू नका. दिवसभर ऊसच हाय तोंडाम्होरं." परशराम कोयत्यावर हात टेकून उभा होता. "मागल्या फडाच्या मालकानं तीन वेळा जेवन कबूल केलं. तिसऱ्या दिवशी पानी बी म्हशीच्या हौदातलं दिलं. तवा ह्या बाया म्हनल्या, आता शब्द घेतल्याबगर कोयता न्हाई. तुमचा शब्द घेऊन आलो. आता तुमी म्हनता तुमी तुमी न्हाई."

"मी मीच हाय! त्यो मी न्हवतो!"

"मंग त्याला फोन लावा. तो सांगंल तसं करू."

"त्याला बंद केलाय काल. सरकारातनं. चकार शब्द बोलता यायचा न्हाय त्याला."

परशरामनं टोळीकडं वळून बघितलं. "म्हंजे ज्यानं शब्द दिला त्याचं तोंड ह्यांनीच शिवलं." बायकांनी चुलीचे दगड लाथेनं बाजूला केले. एकीनं झोळी परत ट्रॉलीला बांधायला घेतली. शेजारच्या बांधावर मारुतीराव येऊन उभा राहिला होता. त्याच्याही उसाला तुरा होता आणि त्याच्या घरात मटण चालत होतं.

धरणेंद्रच्या डोळ्यांपुढनं सगळं गेलं. हवालदार, पेरू, करंगळी, तांदळाचा डबा. एवढी धडपड करून त्यानं नेमका तोच माणूस बंद पाडला होता ज्याच्यावर मुकादमाचा विश्वास होता.

"अवो," कमला हळूच म्हणाली. ती उसाकडं बघत होती. "नंबर कुणाकडं हाय आता?"

"माझ्याकडं. खिशात."

"मग जावा की तिकडं. उसात जाऊन या."

"उसात कशाला?"

कमलानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो मुकाट्यानं विहिरीच्या अंगानं उसात शिरला. आत पाल्यानं मान कापली, पायाला मुंग्या चढल्या. तो सरीत उकिडवा बसला आणि त्याला कळलं. त्यानं हात जोडले, मग गळ्यातला मफलर तोंडावर गुंडाळला आणि परशरामचा नंबर दाबला. सन्मतीनं तो रस्त्यावरच लिहून दिला होता, चालणार नाही म्हणून सांगून.

बांधावर फोन वाजला. परशरामनं स्क्रीनवरचं नाव वाचलं. "मटन आन्ना. ह्यो बघा, चालू हाय की!"

"सरकारी काम," कमला म्हणाली. "अर्धंच बंद झालं असंल."

"हॅलो, राम राम! आवं हितं एक मालक हाय, म्हनतो तुमी चोर हाव."

"खरं हाय त्याचं," धरणेंद्र मफलरातनं म्हणाला. पोटभर जेवलेल्या माणसासारखा आवाज काढायचा तो प्रयत्न करत होता. "चोरच हाय मी."

"मंग मटनाचं?"

"मटण मी कबूल केलंय, मी घालणार. त्या आण्णाच्या चुलीला, भांड्याला हात लावायचा न्हाय. ऊस त्याचा, शब्द माझा. पाप बी माझं." हे शेवटचं त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं, वर कुणी लिहून घेत असलं तर नोंद व्हावी म्हणून.

"कवा?"

"फड संपला की."

"नक्की?"

"चोराचा शब्द हाय मुकादम."

परशराम विचारात पडला. "मालकांचे लई शब्द ऐकले. चोराचा पयलाच." त्यानं फोन खिशात टाकला आणि टोळीकडं हात केला. "लावा रं कोयता."

पहिला घाव पडला. मग सगळे पडू लागले. खस्‌, खस्‌, खस्‌. धरणेंद्र सरीत तसाच बसून राहिला, कारण बाहेर पडायची वाट आता टोळीच्या समोरनं होती. तुरे एकेक करून खाली येत होते. इतका चांगला आवाज त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. कोयते जवळ जवळ येत गेले. मधे चारच सऱ्या राहिल्या आणि त्याच्या हातातला फोन खणखणला.

त्यानं घाईनं बटण दाबलं. बटणाचा तो फोन कमलाचा, ऐकायला कमी येतं म्हणून तिनं आवाज मोठा ठेवलेला.

"हॅलो, धरणेंद्र मगदूम काय?" आण्णाप्पा हवालदार होता. "एक सही ऱ्हायली बघा तुमची."

कोयते थांबले. पाल्याच्या फटीतनं परशराम मान वाकडी करून कानोसा घेताना दिसत होता.

"न्हाय," धरणेंद्र म्हणाला.

"न्हाय? मग कोन?"

धरणेंद्रनं पुढं उभ्या उसाकडं बघितलं, मागं पडलेल्या उसाकडं बघितलं. "मी त्यो न्हवं. मी फोन चोरल्याला माणूस."

पलीकडं खुर्ची करकरली. "खरं सांग."

"खरंच सांगालोय."

फडात परत एक घाव पडला. मग दुसरा. मग सगळे.

"कुठं हायस तू आत्ता?"

हे तरी खरं सांगायला काही हरकत नव्हती. "धरणेंद्र मगदूमाच्या उसात. बोरगाव. विहिरीच्या अंगाला."

"हलू नको तिथनं! जीप काढतो!"

"हलत न्हाय साहेब," धरणेंद्र म्हणाला. "पर सावकाश या. अजून निम्मा फड हाय."